माइक ठेवायचा कुठे? प्रवासात शहराचे आवाज टिपताना

नव्या शहरातला चौक उभ्याउभ्या जसा ऐकू येतो, तसा तो रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ कधीच उतरत नाही. समोरून ट्रॅम घंटा वाजवत जाते, ती ऐकून आपण बटण दाबतो. मुक्कामी जाऊन हेडफोन लावला की घंटा कुठेतरी लांबवर किणकिणते आणि पुढ्यात असते ती रहदारीची घरघर, मागच्या भिंतीवरच्या एसीचा पंखा आणि स्वतःच्याच जॅकेटची खसखस. यात माइकचा काही दोष नाही. आपले कान आणि मेंदू मिळून नको ते मागे सारतात, हवं तेवढं पुढे आणतात. माइकला ही निवड जमत नाही, त्याच्यापर्यंत जे पोचेल ते तो सरसकट घेतो. म्हणून निवड आधी आपल्यालाच करावी लागते, आणि ती करायची पायांनी: कुठे उभं राहायचं ते ठरवून.

एका जागी असलेल्या आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. घंटेपासून ४ मीटरवर उभे असाल आणि १ मीटरपर्यंत गेलात तर १२ डेसिबल मिळतात, तेही गेनला (आवाज किती वर उचलायचा ते ठरवणाऱ्या बटणाला) हात न लावता. सलग वाहणारी रहदारी मात्र एका बिंदूतून येत नाही, रस्त्याच्या पूर्ण लांबीतून येते. तिच्यापासून दुप्पट लांब गेलं तरी जेमतेम ३ डेसिबलच कमी होतात. म्हणजे रहदारीपासून पळून फारसं हाती लागत नाही, हव्या त्या आवाजाच्या जवळ जाऊन लागतं. दुसरा उपाय आडोशाचा. इमारतीचा कोपरा मध्ये आला की टायरांची सळसळ आणि हॉर्नची धार अडते. इंजिनांची खालची घरघर मात्र कोपऱ्याला वळसा घालून येतेच. चौकातून गल्लीत दहा-पंधरा पावलं आत गेलं की तोच चौक किती सुटा सुटा ऐकू येतो, हे एकदा करून बघाच.

भिंतीचं एक सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. भिंतीपासून वीतभर किंवा हातभर अंतरावर माइक ठेवला की थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज किंचित पुढेमागे पोचतात आणि काही पट्ट्यांमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. ३० सेंटीमीटर अंतर असेल तर पहिला खड्डा साधारण २८६ हर्ट्झला पडतो, नंतर वर ओळीने आणखी. रेकॉर्डिंग नळीतून आल्यासारखं पोकळ वाटतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. एक तर माइक भिंतीला अगदी चिकटवून ठेवायचा, नाहीतर दोन मीटर तरी दूर.

जागा शोधायची कशी? हेडफोन लावायचा, माइक चालू ठेवायचा, पण रेकॉर्डचं बटण दाबायचं नाही. असं दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालायचं. माइकच्या कानाने शहर ऐकायची सवय लागली की पाय आपोआप योग्य जागी थांबतात. बंद कपांचा हेडफोन यासाठी उत्तम, कारण बाहेरचा थेट आवाज त्यातून कमी झिरपतो. छोट्या इअरफोनवर वाऱ्याची खालची धडधड आणि बारीक विजेची गुणगुण लक्षातच येत नाही, ती नंतर मोठ्या स्पीकरवर उघडी पडते.

टिपायचं काय, याचं सर्वात उपयोगी उत्तर कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी देऊन ठेवलं आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी उभ्या केलेल्या वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्टने १९७३मध्ये व्हँकुव्हर शहराचे आवाज पद्धतशीर नोंदवले. आवाजांची त्यांची वाटणी आपल्याकडच्या शब्दांत अशी सांगता येईल: पहिला तानपुरा, म्हणजे मागे सतत चालणारा, कोणी मुद्दाम न ऐकणारा आवाज. दुसरे इशारे: हॉर्न, शिट्ट्या, घंटा, उद्घोषणा. आणि तिसरे त्या गावाची ओळख झालेले आवाज, जसे व्हँकुव्हरचे दुपारी बाराचे भोंगे किंवा रात्री नऊची तोफ. प्रवासी धावतात ते तिसऱ्यामागे. लंडनच्या बिग बेनचे टोले आजवर असंख्य लोकांनी टिपलेत. माझ्या मते वेळ द्यावा तो तानपुऱ्याला. व्हँकुव्हरच्या नोंदी १९९०च्या दशकात पुन्हा करून जुन्याशी ताडून पाहता आल्या, त्यात शहर किती बदललं हे कळायला मुख्यतः हेच न ऐकले जाणारे आवाज उपयोगी पडतात.

तानपुरा शब्दशःही असतो. युरोप आणि आशियाच्या बहुतेक भागांत वीज ५० हर्ट्झची, उत्तर अमेरिकेत ६०ची. ट्रान्सफॉर्मर याच्या दुप्पट स्वरात गुणगुणतात, म्हणजे एकीकडे १०० हर्ट्झ, दुसरीकडे १२०. जपानमध्ये तर एकाच देशात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे. रात्री उशिरा, रहदारी थांबल्यावर, रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीजवळ दोन मिनिटं टिपून ठेवा. दोन देशांतल्या अशा नोंदी एकापाठोपाठ ऐकल्या की शहरांचा षड्जच वेगळा आहे हे कानाला कळतं.

इशाऱ्यांमध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा आवाज मला सर्वात मोलाचा वाटतो. कुठे टकटक, कुठे टिकटिक, जपानमध्ये पाखरांची किलबिल. तो दर मिनिटा-दोन मिनिटांनी हमखास पुन्हा वाजतो, त्यामुळे पहिली नोंद फसली तरी लगेच दुसरी संधी मिळते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. आणि जे संपत चाललंय त्याला प्राधान्य द्यावं. स्थानकांवरचे पट्ट्या खडखड उलटवणारे फलक एलईडीने जवळपास हद्दपार केले. टोकियोच्या केइक्यू मार्गावरच्या काही गाड्या सुटताना मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमुळे सरगमसारखी चढती सुरावट काढत, त्यातली शेवटची गाडी २०२१मध्ये गप्प झाली. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६मध्ये जपून ठेवावेत अशा देशातल्या १०० ध्वनिपरिसरांची यादीच केली होती, आणि ते योग्यच होतं.

आता साधनं. खिशातल्या फोनवर सुरुवात करायला काहीच हरकत नाही, फक्त तो काय करतो हे माहीत हवं. फोन बोलण्यासाठी बनलाय. तो आवाज स्वतःच कमीजास्त करतो आणि माणसाच्या बोलण्याखेरीज सगळं ‘गोंगाट’ समजून दाबतो. हॉर्न वाजला की मागचं सगळं एकदम बुडतं आणि मग दोन-तीन सेकंदांत फुगत वर येतं. हा श्वास टाकल्यासारखा परिणाम एकदा नोंदीत आला की कशानेही निघत नाही. अँड्रॉइड ७.०पासून प्रक्रिया न केलेला कच्चा आवाज ॲपला देण्याची सोय आहे, पण ती फोन बनवणाऱ्याने दिलेली असावी लागते. ही निवड देणारं आणि वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) फाइल साठवणारं ॲप घ्यावं. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये आवाजाचा दर्जा ‘लॉसलेस’ करून ठेवावा.

हातात मावणारा रेकॉर्डर घेणार असाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह हे सेटिंग पुरतं. त्याला मिनिटाला १७ एमबी, तासाला १ जीबीच्या थोडं वर जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डात सुमारे ३० तास बसतात. ९६ किलोहर्ट्झने जागा दुप्पट जाते आणि रस्त्याच्या आवाजात फरक पडत नाही, पुढे आवाजाचा वेग कमी करून खेळायचं असेल तरच ते घ्यावं. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, काही यंत्रं २ जीबीलाच तोडतात. लांब नोंद दोन तुकड्यांत आली तर घाबरू नका, संपादनात ते टोकाला टोक लावून जुळतात.

३२ बिट फ्लोटवाल्या, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये सांभाळणाऱ्या यंत्रांत गेन लावायची चिंता जाते, कारण फाइलमधला आवाज नंतर खाली आणता येतो. अनोळखी शहरात, जिथे पुढच्या क्षणी कोण हॉर्न मारेल याचा भरवसा नाही, तिथे याचा फार उपयोग होतो. पण माइकचा पडदाच (आवाजाने थरथरणारा पातळ पापुद्रा) जर आवाजाने किंवा वाऱ्याने ओव्हरलोड झाला, तर फ्लोट त्याला वाचवत नाही. नसेल ती सोय तर सर्वात मोठा अपेक्षित आवाज यंत्राच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो) राहील असा गेन लावायचा. एरवीचा गजबजाट मग उणे ३०च्या जवळ दिसतो आणि नवख्याला वाटतं, फार हळू आलं. २४ बिटमध्ये ते वर उचलायला भरपूर वाव असतो. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

शांत जागी अडचण येते ती माइकच्या स्वतःच्या फुसफुसाटाची. रात्रीची निवांत गल्ली ३०-३५ डेसिबलची असते. छोट्या रेकॉर्डरच्या अंगच्या माइकांचा मूळ आवाज तिच्यावर सरळ ऐकू येतो. उपाय फार मोठा नाही. प्रिमो कंपनीची ईएम२७२ ही कॅप्सूल (माइकचा आवाज पकडणारा गाभा) लावलेले कॉलरचे माइक मिळतात, त्यांचा स्वतःचा आवाज फक्त १४ डीबीए (माणसाच्या कानाला धरून मोजलेले डेसिबल) आहे. ते सर्व दिशांनी ऐकतात, त्यामुळे एका दिशेने ऐकणाऱ्या माइकपेक्षा वाऱ्याचा आणि हाताळणीचा त्यांना कमी त्रास होतो. साध्या कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना ४० सेंटीमीटरवर एकेक लावला की फार देखणा स्टिरिओ मिळतो, पाठपिशवीच्या दोन पट्ट्यांवर लावले तरी काम भागतं. त्यांना रेकॉर्डरकडून प्लग-इन पॉवर (माइकच्याच तारेतून मिळणारी हलकी वीज) लागते. मेन्यूत ती बंद राहिली तर सगळं ठीक दिसूनही फाइल मुकी निघते. मोठ्या यंत्राची ४८ व्होल्टची फँटम पॉवर त्यांना थेट द्यायची नाही, मध्ये ॲडॅप्टर हवाच. एका दिशेने ऐकणारे दोन माइक असतील तर फ्रेंच नभोवाणीची ओआरटीएफ मांडणी करावी: १७ सेंटीमीटर अंतर, मध्ये ११० अंशांचा कोन.

कानाजवळ लावायच्या माइकांनी हेडफोनवर ऐकणाऱ्याला थेट तिथे उभं केल्यासारखं वाटतं. पण मान वळवली की पूर्ण शहर फिरतं, आणि गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येतो. मान सरळ ठेवून उभं राहता येत असेल तरच हा मार्ग.

वारा हा सर्वात मोठा शत्रू, आणि तो आपल्या गालाला जाणवण्याआधी माइकला जाणवतो. हवा पडद्याला धक्के मारते, त्यातून २०० हर्ट्झच्या खाली भरड धडधड येते. माइकसोबत आलेली फोमची टोपी झुळकेपुरतीच. बाहेर कायम केसाळ टोपडं चढवलेलं असावं, मग हवा स्थिर वाटो वा नसो. केसांच्या आत हवेचा जो निवांत थर राहतो तोच खरं काम करतो, म्हणून केस चिकटून गोळे झाले किंवा भिजले की टोपडं निकामी होतं. मऊ ब्रशने विंचरून ठेवावं, ओलं झालं तर झटकून वाळवावं. ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारं फिल्टर) जोरदार वाऱ्यातच लावावा. एरवी तो लावला की बोटीचा भोंगा आणि जमिनीखालच्या गाडीची गडगड पण जाते, म्हणजे शहराचा पाया काढल्यासारखंच. घरी तो कधीही लावता येतो.

वारा बंद जागेतही असतो, याचं उत्तम उदाहरण भुयारी मेट्रोचा फलाट. बोगद्यातली गाडी पिस्टनसारखी समोरची हवा ढकलत आणते आणि तो झोत गाडीच्या आधी फलाटावर धडकतो. गाडी ज्या टोकाने आत येते तिथे उभं राहिलं तर नेमक्या आगमनाच्या क्षणी माइक फडफडतो. त्याऐवजी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे, साधारण दोन तृतीयांश अंतरावर, खांबाच्या आडोशाला जावं. डोक्यावरचे स्पीकर बघावेत आणि दोन स्पीकरच्या मधोमध थांबावं, नाहीतर उद्घोषणा बाकी सगळं गिळून टाकते. माइक कानाच्या उंचीवर, सुमारे दीड मीटर, रुळांकडे काटकोनात तोंड करून. येणारी गाडी गेन लावायला वापरायची, ती सुटून गेली की लगेच बटण दाबायचं. आता फलाट रिकामा आहे. सरकत्या जिन्याची लय ऐकू येते, कुठेतरी पंखा. मग एकेक पाऊल, बोलणी, पिशव्यांची चाकं, हळूहळू फलाट भरत जातो. गाडी दिसायच्या कितीतरी आधी रूळ बारीक गाऊ लागतात, हवा हलते, मग गडगडाट, ब्रेकची किंचाळी, हवेचा सुस्कारा, दारांची सूचना, पावलांचा लोंढा, दारं बंद, इन्व्हर्टरचा चढता सूर, आणि पुन्हा रिकामा फलाट. इथे थांबवायचं. हे पूर्ण आवर्तन झालं. नुसती गाडी येतानाची वीस सेकंदं टिपली तर हातात फक्त मोठा आवाज येतो. डब्यात बसून टिपताना माइक दांड्याला किंवा सीटला टेकवू नका, धातूतून येणारं कंपन सगळं व्यापतं.

कोणतीही नोंद तीन मिनिटांपेक्षा कमी नसावी, जमल्यास दहा. सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा सेकंद स्थिर राहायचं. तारीख, वेळ, जागा, माइकची दिशा, हवामान हे शेवटी हळू आवाजात बोलून ठेवावं. आधी बोलत बसलं तर तेवढ्यात प्रसंग निघून जातो. आपल्या अंगाचेच आवाज फार असतात: पॉलिस्टरचं जॅकेट, हातातलं घड्याळ, करकरणारे बूट, भुकेलं पोट. सुती कपडे घालावेत आणि रेकॉर्डर छोट्या ट्रायपॉडवर ठेवून दोन-तीन पावलं मागे सरावं. त्याहून लांब जायचं नाही. तारा लोंबणारी केसाळ वस्तू स्थानकात बेवारस दिसली तर सुरक्षारक्षक धावणारच, आणि त्यांचं बरोबर असेल. फोन फ्लाइट मोडवर टाकावा. जुन्या जीएसएम नेटवर्कवर फोन जवळ असला तर २१७ हर्ट्झची टिरटिर थेट माइकच्या तारेत शिरते.

माणसांचं भान ठेवायलाच हवं. गर्दीची कुजबुज ही शहराची, पण शेजारच्या बाकावरचं बोलणं त्या दोघांचं आहे. शब्द कळणार नाहीत इतकं अंतर ठेवावं. जर्मनीत दुसऱ्याचं खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं दंडसंहितेच्या कलम २०१खाली गुन्हा आहे, इतरत्र नियम वेगळे, तेव्हा निघण्यापूर्वी त्या देशापुरते बघून घ्यावेत. विमानतळाची तपासणी आणि लष्करी जागा टाळाव्यात. कोणी विचारलं तर हेडफोन त्यांच्या हातात द्यावा. एवढी चांगली ओळख दुसरी नाही. दुकानात वाजणारं गाणं नोंदीत आलं तर पुढे ती प्रकाशित करताना हक्काचा प्रश्न उभा राहतो. गाणं संपेपर्यंत थांबावं किंवा जागा बदलावी.

पावसात टोपड्यावर थेंब टपटपतात आणि छत्रीवर त्याहून जास्त. कमानीखाली किंवा पुढे आलेल्या छपराखाली उभं राहून समोरच्या रस्त्यावरचा पाऊस टिपावा. एसीच्या खोलीतून दमट हवेत एकदम माइक काढला तर पडद्यावर बाष्प धरतं आणि चर्र-चर्र सुरू होते. बंद पिशवीतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

बॅटरी फाइल बंद होण्याआधी संपली तर काही यंत्रांत पूर्ण नोंद शून्य बाइटची होते, म्हणून एक दांडी उरली की थांबवून बदलावी. पॉवर बँक लावताना दोन अडचणी येतात: रेकॉर्डर इतका कमी करंट ओढतो की काही बँका आपोआप बंद होतात, आणि काही बँका बारीक शिट्टी नोंदीत सोडतात. घरीच तासभर चालवून ऐकून बघावं. विमानात ती हातातल्या सामानातच न्यायची, १०० वॉट-तासांच्या आतली. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तास भरते. दुसऱ्या देशात उतरल्यावर रेकॉर्डरचं घड्याळ लावून घ्यायला विसरू नका. बॅटऱ्या काढल्या की ते काही यंत्रांत मागे जातं आणि मग कोणती फाइल पहाटेची नि कोणती संध्याकाळची, काही कळत नाही.

रोज रात्री कार्डाची प्रत दोन ठिकाणी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, संपादन प्रतीवर. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे: टोकं कापायची, दोन्हीकडे छोटा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं), गरज असेल तर ४० हर्ट्झखालचं काढायचं. गोंगाट कमी करणारं फिल्टर शहराच्या आवाजावर चालवू नये, ते तानपुराच पुसतं आणि मागे पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड उरते. सगळ्या नोंदी एकाच जोराच्या करण्याचा मोह पण टाळावा. रात्रीची गल्ली दुपारच्या बाजाराइतकी मोठी ऐकू आली तर ती रात्र राहत नाही.

वाटायचं असेल तर बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५मध्ये सुरू झालेलं फ्रीसाउंड हे संकेतस्थळ आहे, जागेनुसार नकाशावर ठेवायचं असेल तर रेडिओ अपोरी. दोन्हीकडे नोंदीइतकंच तिच्यासोबतच्या टिपणाला महत्त्व आहे. ‘मेट्रो स्टेशन, संध्याकाळ’ एवढं लिहिलेली फाइल वर्षभराने तुम्हालाही ओळखू येणार नाही. उद्या दुसरं कोणी त्याच ठिकाणी माइक लावू शकेल इतकं नेमकं लिहा: ‘फलाट २, दक्षिणेकडून तिसरा खांब, खांबापासून दोन मीटर पश्चिमेला. माइक जमिनीपासून दीड मीटर, तोंड रुळांकडे. दोन ईएम२७२, अंतर ४० सेंटीमीटर, केसाळ टोपडं. लो-कट बंद. मंगळवार, १८:४०, बाहेर पाऊस. ३:१० ते ३:२५ मागे झाडूवाल्याची बादली.’